धनुर्वाताचं इंजेक्शन म्हणजे नेमकं कोणतं? प्रतिविषाच्या इतिहासातून एक उत्तर



माझं गाव बाभुळगाव, जिल्हा यवतमाळ. यवतमाळहून धामणगाव रस्त्यानं निघालं की लागतं. गावाच्या नावातच बाभूळ असल्यामुळे काट्याची ओळख आम्हाला वेगळी करून द्यावी लागत नाही. पऱ्हाटीच्या वावरात राबणाऱ्या माणसाच्या पायात काटा रुतणं ही आमच्याकडे बातमी नसते. सुईनं काटा काढायचा, हळद दाबायची आणि पुन्हा कामाला लागायचं. काटा फारच खोल गेला किंवा गंजकं काही लागलं, तर दवाखान्यात जाऊन 'धनुर्वाताचं इंजेक्शन' घ्यायचं.

यंदा दिवाळीत घरी गेले तेव्हा आजीनं विचारलं, "तू काय शिकून राह्यली वं एवढे साल?" हा प्रश्न तुम्हालाही पुढे पाच वर्षं ऐकायचा आहे, तेव्हा तयारी ठेवा. मी सोपं करून सांगितलं, "काही जंतू अंगात विष सोडतात. ते विष अडवणारं औषध कसं करायचं, ते शिकते." उदाहरण धनुर्वाताचंच दिलं. आजी जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुह्या बापाच्या आंधी मले एक लेकरू झालं होतं. सातव्या रोजी गेलं. पयले दोन दिवस चांगलं दूध पेलं, मंग ओढेच ना. तोंड उघडे ना. आंग लाकडावानी ताठ." घरच्यांनी तेव्हा 'सटवाईनं एवढंच लिहिलं होतं' म्हणून विषय मिटवला होता. आजीनं साठ वर्षांनी मला विचारलं, "हे इंजेक्शन तवा भेटलं असतं, तं वाचलं असतं का वं?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. उत्तर माहीत नव्हतं असं नाही. पण 'हे इंजेक्शन' म्हणजे कोणतं, यावर ते अवलंबून होतं. आजचा लेख त्या उत्तरासाठी आहे. वाटेत बर्लिन, परळ, पुणे अशी ठिकाणं येतील आणि संशोधनाला लागणाऱ्यांच्या उपयोगाच्या दोन-तीन गोष्टीही.

एक नाव, दोन औषधं

आपण ज्याला सर्रास धनुर्वाताचं इंजेक्शन म्हणतो ते बहुतेक वेळा टीटी असतं, आता त्याच्या जागी टीडी देतात. ही लस आहे. तिच्यात धनुर्वाताचंच विष असतं, पण फॉर्मलिननं निरुपद्रवी केलेलं. त्याला टॉक्सॉइड म्हणतात. ते टोचल्यावर आपलं शरीर स्वतः प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार करतं. त्याला दिवस लागतात, पण एकदा शिकलेलं शरीर वर्षानुवर्षं विसरत नाही.

दुसरं औषध म्हणजे तयार प्रतिपिंडं. ती दुसऱ्या कुणाच्या तरी शरीरात बनलेली असतात, घोड्याच्या किंवा माणसाच्या. घोड्याचं असेल तर एटीएस, माणसाचं असेल तर टीआयजी. टोचल्यापासून काही तासांत ती रक्तात काम करू लागतात, पण काही आठवड्यांत संपून जातात. शरीर त्यातून काहीच शिकत नाही. घरी स्वयंपाक शिकणं आणि डबा लावणं, एवढा हा फरक आहे. परीक्षेत 'सक्रिय' आणि 'निष्क्रिय' प्रतिकारशक्ती म्हणून दोन मार्कांना विचारतात ते हेच.

आता विषाकडे पाहू. धनुर्वाताच्या जिवाणूचे बीजाणू मातीत असतात, गुराढोरांच्या शेणात असतात. खोल जखमेत, जिथे हवा पोचत नाही तिथे ते रुजतात. जिवाणू जखमेतच बसून राहतो. प्रवास करतं ते त्याचं विष. स्नायूला जाणाऱ्या मज्जातंतूच्या टोकातून ते आत शिरतं आणि उलट दिशेनं मेरुरज्जूपर्यंत चढत जातं. आपण हात वाकवतो तेव्हा एक स्नायू आखडतो आणि त्याच्या उलट बाजूच्या स्नायूला 'तू थांब' असा निरोप जातो. हे विष ज्या प्रथिनाच्या मदतीनं तो निरोप सुटतो, ते प्रथिनच कापून टाकतं. मग सगळेच स्नायू एकदम आखडतात, पाठीचे ताकदवान स्नायू जिंकतात आणि शरीर धनुष्यासारखं ताणलं जातं. म्हणून धनुर्वात. सुश्रुतसंहितेत याला धनुस्तंभ म्हटलंय. लक्षण इतकं ठळक की नाव दोन हजार वर्षांत फारसं बदललंच नाही.

या विषाची माणसाला मारक मात्रा दर किलो वजनामागे सुमारे २.५ नॅनोग्रॅम धरतात. साठ किलोच्या माणसाला १५० नॅनोग्रॅम. मिठाचा बारीक कणसुद्धा याच्या शेकडो पट जड असतो. यातून एक चमत्कारिक गोष्ट घडते. धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही पुन्हा धनुर्वात होऊ शकतो, कारण आजार घडवायला पुरेसं असलेलं विष शरीराला शिकवायला पुरत नाही. गोवर होऊन गेला की पुन्हा होत नाही, हा आपल्या ओळखीचा नियम इथे चालत नाही. शिकवणी वेगळी लावावी लागते. ती लावता येते, हे कळलं १८९० मध्ये.

बर्लिन, १८९०: रक्तातलं 'काहीतरी'

१८८४ मध्ये आर्थर निकोलायर यानं जनावरांना माती टोचून धनुर्वात घडवून दाखवला. म्हणजे कारण मातीत आहे हे कळलं, पण जंतू एकटा वेगळा करता येईना. १८८९ मध्ये बर्लिनला रॉबर्ट कॉखच्या संस्थेत काम करणाऱ्या शिबासाबुरो कितासातो या जपानी संशोधकाला ते जमलं. त्यानं पू आणि इतर जंतूंचं मिश्रण ८० अंश सेल्सियसला तापवलं. बाकीचे मेले, धनुर्वाताचे बीजाणू टिकले. मग हायड्रोजन भरून हवा काढून टाकलेल्या भांड्यात त्यानं ते वाढवले.

पुढच्या वर्षी, डिसेंबर १८९० मध्ये, कितासातो आणि एमिल बेहरिंग यांचा छोटासा शोधनिबंध छापून आला. त्यांनी सशांना धनुर्वाताविरुद्ध तयार केलं आणि त्या सशांचं रक्त उंदरांना टोचलं. दुसऱ्या दिवशी त्या उंदरांना जिवंत जंतू टोचले, तरी ते वाचले. मग त्यांनी तयार सशाचं सीरम थेट विषात मिसळून ठेवलं आणि ते मिश्रण उंदरांना दिलं. मारायला पुरेल त्याच्या तीनशे पटींहून जास्त विष त्यात होतं, तरी उंदीर ठणठणीत राहिले. साध्या, तयार न केलेल्या सशाच्या रक्तानं मात्र काहीच झालं नाही.

हे शेवटचं वाक्य तुम्ही संशोधक म्हणून अधोरेखित करा. साध्या सशाचं रक्त तपासलं नसतं तर 'सशाच्या रक्तात औषध आहे' एवढंच म्हणता आलं असतं. 'तयार केलेल्या सशाच्या रक्तात काहीतरी नवीन आलंय' हे सिद्ध झालं ते त्या कंट्रोलमुळे. प्रतिपिंड कसं दिसतं, कशाचं बनलेलं असतं, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. त्याची रचना उलगडायला १९५९ नंतरची वर्षं उजाडली. वस्तू न दिसताही तिचं काम मोजता येतं, हे या निबंधानं दाखवलं. त्या औषधाला नाव पडलं प्रतिविष. १९०१ मध्ये वैद्यकाचं पहिलं नोबेल बेहरिंगला मिळालं. कितासातोचं नाव त्यात नव्हतं.

घटसर्पात चाललं, धनुर्वातात अडलं

औषध म्हणून प्रतिविषाचं मोठं यश घटसर्पात दिसलं. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एमिल रू यानं घोडे वापरून भरपूर सीरम तयार केलं. १८९४ मध्ये त्यानं जाहीर केलं की त्याच्या इस्पितळात घटसर्पानं दगावणाऱ्या मुलांचं प्रमाण सुमारे निम्म्यावरून सुमारे पावावर आलंय. १८९८ मध्ये कोपनहेगनच्या योहानेस फिबिगर यानं अजून काटेकोर पद्धत वापरली. एक दिवस भरती झालेल्यांना सीरम द्यायचं, दुसऱ्या दिवशी भरती झालेल्यांना द्यायचं नाही. सीरम मिळालेल्या २३९ पैकी ८ जण दगावले, न मिळालेल्या २४५ पैकी ३०.

धनुर्वातात मात्र डॉक्टरांची निराशा होत होती. जबडा बसल्यावर, झटके सुरू झाल्यावर तेच प्रतिविष कितीही दिलं तरी फारसा फरक पडेना. प्रयोगशाळेत तर तीनशे पट विष निकामी झालं होतं! मग अडत कुठे होतं?

आता आपल्याला उत्तर माहीत आहे. प्रतिपिंड रक्तात आणि पेशींच्या बाहेरच्या द्रवात फिरतं. मज्जातंतूच्या आत शिरलेल्या विषापर्यंत ते पोचत नाही. घटसर्पात घशातल्या जंतूंकडून नवं विष येतच असतं, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिलेलं प्रतिविषही पुढचं बरंच विष अडवतं. धनुर्वातात लक्षण दिसतं तेव्हाच मारक विष आत जाऊन बसलेलं असतं. प्रतिविष तेव्हाही देतात, पण उरलेलं, अजून बाहेर फिरणारं विष पकडण्यासाठी. आत गेलेल्या विषाचा परिणाम ओसरायला आठवडे लागतात आणि तोवर माणसाला श्वासाच्या यंत्रावर, स्नायू सैल ठेवणाऱ्या औषधांवर जगवावं लागतं.

'प्रतिपिंड विषाला मारतं' असं आपण बोलताना म्हणतो. प्रत्यक्षात ते विषाला वाटेत धरून ठेवतं. ज्या हातानं विष मज्जातंतूला धरणार, तो हात आधीच अडकवून ठेवतं. म्हणून ते विषाच्या आधी पोचलं तरच उपयोग. पहिल्या महायुद्धात १९१४ च्या शरद ऋतूपासून ब्रिटिशांनी प्रत्येक जखमी सैनिकाला लक्षणांची वाट न पाहता घोड्याचं सीरम द्यायला सुरुवात केली, तेव्हा धनुर्वाताचं प्रमाण झपाट्यानं उतरलं. औषध तेच होतं. बदलली होती वेळ.

परळहून निघालेली बाटली

या इतिहासात आपला महाराष्ट्र पहिल्यांदा येतो तो एका दुर्घटनेमुळे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वॉल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्या जागेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तिथून देशभर लशीच्या बाटल्या जाऊ लागल्या.

३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुलकोवाल गावात, जे आज पाकिस्तानात आहे, पाच बाटल्यांमधून १०७ जणांना लस टोचली गेली. त्यातल्या ५३-एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतून ज्यांना टोचलं, त्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि १९ च्या १९ दगावले. बाकीच्या चार बाटल्यांमधली माणसं ठीक होती.

चौकशी समिती बसली. अध्यक्ष होते मुंबईचे सरन्यायाधीश लॉरेन्स जेंकिन्स. हाफकिन यांनी लस निर्जंतुक करण्याच्या पद्धतीत बदल करून कार्बोलिक आम्लाऐवजी उष्णतेवर भर दिला होता, त्यावर बोट ठेवलं गेलं आणि बाटली परळलाच दूषित झाली असा निष्कर्ष निघाला. हाफकिन यांचं पद गेलं. पण दुसरा पुरावा कागदांतच पडून होता. बाटली उघडताना मदतनीसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि ज्योतीवर नीट न धरता तो कार्बोलिकमध्ये बुचकळून तसाच वापरला गेला. शिवाय बाटली ४१ दिवसांपूर्वी भरलेली होती. धनुर्वाताचे जंतू एवढे दिवस आत वाढले असते तर बूच काढताच दुर्गंध यायला हवा होता, तो आला नव्हता. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये हे जाहीरपणे मांडलं. त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले आणि भारतात परतले, पण कलकत्त्याला. मुंबईतलं पद परत मिळालं नाही. परळच्या त्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचं नाव मिळालं १९२५ मध्ये.

याच्या एकच वर्ष आधी, १९०१ मध्ये, अमेरिकेत सेंट लुइसला उलटी गोष्ट घडली होती. घटसर्पाचं प्रतिविष ज्याच्या रक्तातून काढत, त्या जिम नावाच्या घोड्यालाच धनुर्वात झाला आणि त्याच्या सीरमनं १३ मुलं दगावली. त्या सीरमची आधी जनावरावर चाचणी झाली असती तर दोष लगेच दिसला असता. १९०२ मध्ये तिथे जैविक औषधांवर नियंत्रण ठेवणारा कायदा आला तो या आणि अशाच आणखी एका दुर्घटनेमुळे.

मित्रांनो, लॅबमध्ये बॅच नंबर, उघडल्याची तारीख, कुणी उघडलं या नोंदी आपल्याला कटकट वाटतात. मुलकोवालची बाटली आठवा. क्रमांक लिहिलेला होता म्हणूनच १९ मृत्यू एका बाटलीपाशी आणून लावता आले. आणि चिमट्याची नोंद होती म्हणूनच पाच वर्षांनी का होईना, एका माणसावरचा डाग पुसता आला.

परळ ते पुणे: घोड्यांची गोष्ट

पुढच्या काळात परळची हाफकिन संस्था लशींबरोबर सीरमसाठीही ओळखली जाऊ लागली. आमच्याकडे वावरात साप चावल्यावर जे इंजेक्शन देतात, ते याच कुळातलं. घोड्याला सापाचं विष टोचलं तर सर्पविषाचं प्रतिविष, धनुर्वाताचं विष टोचलं तर एटीएस. १९७५ मध्ये संस्थेचा उत्पादन विभाग वेगळा होऊन त्याचं महामंडळ झालं आणि त्याचे घोडे पिंपरीला असतात.

या संस्थेला घोडे पुरवणाऱ्यांत पुण्याचं पूनावाला कुटुंब होतं. शर्यतीतून निवृत्त झालेले त्यांचे घोडे सीरमसाठी जात. घोडा आपला, मग सीरम आपणच का करू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट सुरू केली. नावात 'सीरम' का आहे हे कोविडच्या काळात बऱ्याच जणांनी विचारलं होतं. कारण हे आहे. सुरुवात लशीनं झाली नाही, धनुर्वाताच्या प्रतिविषानं झाली.

पद्धत समजून घ्या, मुलाखतीत विचारतात. घोड्याला आधी टॉक्सॉइड टोचून तयार करतात, मग मात्रा वाढवत नेतात. रक्तात पुरेशी प्रतिपिंडं आली की रक्त काढतात. लाल पेशी घोड्याला परत देतात, प्लाझ्मा ठेवतात. पेप्सिन हे पचनाचं एन्झाइम वापरून प्रतिपिंडाचं शेपूट कापतात आणि विष पकडणारे दोन हात ठेवतात, म्हणजे परक्या प्रथिनाचा त्रास कमी होतो. तरी तो पूर्ण टळत नाही. घोड्याचं सीरम देताना टेस्ट डोस देतात तो यासाठीच. काहींना आठ-दहा दिवसांनी ताप, पुरळ, सांधेदुखी होते. त्याला सीरम सिकनेस म्हणतात. माणसाच्या रक्तातून काढलेलं टीआयजी जास्त दिवस टिकतं, म्हणून जखमेनंतर घोड्याच्या सीरमचे १५०० युनिट लागत असतील तिथे माणसाचे २५० पुरतात. पण त्यासाठी लस घेतलेले रक्तदाते लागतात आणि ते महाग पडतं.

चिकटणं वेगळं, अडवणं वेगळं

वर 'युनिट' हा शब्द आला. तो या सगळ्या इतिहासाचा कणा आहे. प्रत्येक घोड्याचं रक्त वेगळं, प्रत्येक बॅच वेगळी. १८९७ मध्ये पॉल एर्लिख यानं घटसर्पाच्या प्रतिविषासाठी पद्धत घालून दिली. एक ठरलेलं प्रमाण-सीरम जपून ठेवायचं, त्याच्याशी तुलना करून नव्या सीरमची ताकद ठरवायची. आजही धनुर्वाताच्या सीरमचं युनिट म्हणजे मिलिग्रॅम नव्हे. विषाच्या ठरलेल्या मात्रेत सीरमची वेगवेगळी पातळ मिश्रणं घालायची आणि कोणत्या मिश्रणानं उंदीर वाचतो ते पाहायचं. म्हणजे युनिटनं मोजलं जातं ते काम.

हे मी जोर देऊन सांगते, कारण मी स्वतः इथे आपटले आहे. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एका जिवाणूच्या विषावरचं एक प्रतिपिंड होतं. एलायझामध्ये असा गर्द पिवळा रंग यायचा की मी मनातल्या मनात शोधनिबंधाचं शीर्षकही ठरवून टाकलं. मग पेशींवर चाचणी केली. प्रतिपिंडासकट विष घातलं, पेशी मेल्या. प्रतिपिंडाशिवाय घातलं, तशाच मेल्या. माझं प्रतिपिंड विषाला घट्ट चिकटत होतं, पण अशा जागी, जिचा विषाच्या कामाशी संबंधच नव्हता. पळणाऱ्या चोराचा सदरा धरावा आणि त्यानं सदरा सोडून पळावं, तसं झालं. आठ महिने गेले.

मोठमोठ्या कंपन्यांचंही असं होतं. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारचं प्रतिपिंड हवं तेवढं बनवायची पद्धत शोधली. तेव्हापासून घोड्याऐवजी पेशींकडून प्रतिविष करून घेण्याचे प्रयत्न सुरू आहेत. आतड्यात जुलाब घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूची दोन विषं आहेत, ए आणि बी. दोन्हींवर एकेक प्रतिपिंड बनवलं गेलं. रुग्णांवरच्या चाचण्यांत बी वरच्यानं आजार पुन्हा उलटणं कमी झालं, ए वरच्याचा उपयोग दिसला नाही. बी वरच्याला २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, पण २०२५ मध्ये कंपनीनं तेही बाजारातून काढून घेतलं. बोटुलिनम विषावर २००२ मध्ये वेगळाच धडा मिळाला. तीन प्रतिपिंडं एकेकटी फारशी चालत नव्हती, तिन्ही एकत्र दिल्यावर प्रचंड ताकदीनं चालली. घोड्याच्या रक्तात शेकडो प्रकारची प्रतिपिंडं एकत्र असतात, ती एकमेकांना कशी साथ देतात याची ती झलक होती. धनुर्वातासाठीही पेशींमध्ये बनवलेल्या एका मानवी प्रतिपिंडाला २०२५ मध्ये चीनमध्ये मान्यता मिळाली आहे.

आजीच्या प्रश्नाचं उत्तर

आता आजीकडे परत येऊ. जागतिक आरोग्य संघटनेची नवजात धनुर्वाताची व्याख्या अशी आहे: पहिले दोन दिवस नीट दूध ओढणारं बाळ तिसऱ्या ते अठ्ठाविसाव्या दिवसादरम्यान दूध ओढेनासं होतं, ताठ होतं किंवा त्याला झटके येतात. आजीनं साठ वर्षांपूर्वीचं सांगितलं ते शब्दशः हेच होतं. बाळंतपण घरी, सुईणीच्या हातून, नाळ विळ्यानं कापलेली. काटा बाळाच्या पायात नव्हता, नाळेच्या जखमेत होता.

त्या सातव्या दिवशी कुणी धावत जाऊन यवतमाळहून घोड्याचं सीरम आणलं असतं तर? बहुधा उशीर झाला असता. वर पाहिलं तसं, दूध ओढायचं थांबलं याचा अर्थ विष आत पोचलं होतं. पण लेकरू वाचवणारी प्रतिपिंडं दुसऱ्या वाटेनं आधीच पोचू शकली असती, आणि ती वाट कळलेली होती.

१८९२ मध्ये एर्लिखनं उंदरांवर दाखवलं होतं की विषाविरुद्ध तयार झालेली आई आपल्या पिलांना संरक्षण देते, जन्माआधीही आणि दुधातूनही. माणसात ही प्रतिपिंडं गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत वारेतून बाळाकडे जातात. १९२० च्या दशकात गास्तों रामों यानं फॉर्मलिननं विष निरुपद्रवी करून टॉक्सॉइड बनवलं. १९६१ मध्ये न्यू गिनीतून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गर्भार बायकांना टॉक्सॉइड दिलं तर त्यांची बाळं नवजात धनुर्वातापासून वाचतात, हे त्यानं दाखवलं. आईला वेळेत दोन डोस, दुसरा बाळंतपणाच्या किमान दोन आठवडे आधी. एवढंच लागत होतं. आजीचं लेकरू जन्मलं त्याच दशकात हे ज्ञान छापून आलेलं होतं. बाभुळगावपर्यंत पोचलं नव्हतं.

पुढे ते पोचलं. गर्भार बायांना टीटी, दवाखान्यात बाळंतपण, स्वच्छ ब्लेड. २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. याचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. देवी गेली तसा हा रोग गेला असं समजू नका. बीजाणू आमच्या वावरात आहेत, गोठ्यात आहेत आणि राहणार आहेत. प्रत्येक नव्या आईला नव्यानं टोचावंच लागेल.

आजीला मी फोनवर सांगितलं, "आजी, लेकराला द्यायचं इंजेक्शन नव्हतं ते. तुला द्यायचं होतं. तुझ्याच रक्तात औषध झालं असतं आणि पोटातच लेकराकडे गेलं असतं." पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग तिनं विचारलं, "अन् तुह्या मायला देल्लं होतं?"

मी म्हटलं, "हो. आईच्या कार्डावर तारखा आहेत दोन्ही."

"बरं झालं," आजी म्हणाली.

तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसाल, प्रतिपिंडांवर किंवा आणखी कशावर, तेव्हा 'हे चालतं का' या प्रश्नाशी थांबू नका. कोणत्या जागी चालतं, किती लागतं, कधी दिलं तर चालतं आणि ज्याला हवं त्याच्यापर्यंत ते पोचतं का, हे चार प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं लॅबमध्ये मिळतील. चौथ्यासाठी अधूनमधून घरी जात जा.

भेटू पुढच्या लेखात.